पवित्र भूमि आणि मुका सोबती

मृतांस मूठमाती देणें हें दयेच्या शारीरिक कृत्यांपैकीं एक होय, हें आपण सर्वांनीं लहानपणीं धर्मशिक्षणाच्या वर्गांत पाठ केलें आहे. या कृत्याचा थोर कित्ता जुन्या करारांतील तोबीताच्या ग्रंथांत घालून दिलेला आहे. निनवे शहरीं परवशतेंत दिवस कंठीत असतांना, राजाचा कोप ओढवून घेऊनहि, तोबीत आपल्या बांधवांचीं प्रेतें गुपचूप नेऊन पुरीत असे. याच ग्रंथांतील दुसरी एक बारीकशी गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. तोबीताचा पुत्र तोबिया देवदूताबरोबर दूरच्या प्रवासास निघाला, तेव्हां घरचा कुत्राहि त्यांच्या मागोमाग चालूं लागला, आणि परत येतांनाहि तो त्यांच्या सोबत होता. पवित्र शास्त्रांत कुत्र्याचा उल्लेख बहुधा तुच्छतेनेंच येतो. मालकाच्या पाठोपाठ आपखुषीनें चालणारा घरचा कुत्रा तो हाच. मृतांना पुरण्याचें पुण्य आणि सोबतीचा कुत्रा हीं दोन्ही एकाच ग्रंथांत यावीं हा योगायोग असेल. परंतु आमचा आजचा विषय या दोहोंच्या मधोमध उभा आहे.

धन्याच्या कबरेंत, अथवा निदान तिच्या शेजारीं, त्याच्या आवडत्या जनावरास जागा द्यावी कीं नाहीं? प्रश्न ऐकून कित्येकांना हसूं येईल. ज्याच्या दारचा पंधरा वर्षांचा कुत्रा कालच गेला आहे, त्यास तें येणार नाहीं. युरोप-अमेरिकेंत गेल्या कांहीं वर्षांत या बाबतींत कायदेमंडळांना कायदे करावे लागले आहेत, आणि आपल्याकडेहि कुत्रीं-मांजरें ओसरीवरून माजघरांत आलीं असल्यामुळें, उद्यां हा प्रश्न एखाद्या धर्मगुरूच्या दारीं येणारच नाहीं, असें कोणीं म्हणावें? म्हणून त्याचा पूर्वेतिहास वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

हा इतिहास फार जुना आहे, आणि त्याचा एक अति प्राचीन दाखला ख्रिस्तप्रभूच्या देशांतच मिळतो. गालील सरोवराच्या उत्तरेस, यार्देन नदीच्या वरच्या खोऱ्यांत, ऐन मल्लाहा म्हणून एक स्थळ आहे. तेथें सुमारें बारा हजार वर्षांपूर्वींच्या वस्तीचे अवशेष निघाले. म्हणजे माणूस अद्यापि शेतीहि करूं लागला नव्हता अशा काळचे. त्यांतील एका कबरेंत एक वयस्क व्यक्ति कुशीवर निजविलेली असून तिचा हात चार-पांच महिन्यांच्या एका पिलाच्या अंगावर ठेवलेला आढळला. पिलूं कुत्र्याचें कीं लांडग्याचें याविषयीं १९७८ सालीं हा शोध प्रसिद्ध करणाऱ्या विद्वानांनीं सावध भाषा वापरली. परंतु तो हात कशासाठीं तेथें ठेविला असेल, हें समजण्यास विद्वत्तेची गरज नाहीं. जर्मनींत बॉन शहरानजीक ओबरकासेल येथें १९१४ सालीं खाणीचें काम चालूं असतां निघालेली कबर याहूनहि पुरातन, सुमारें चौदा हजार वर्षांपूर्वींची आहे. तींत एक पुरुष, एक स्त्री व एक कुत्रा होता. कुत्र्याचे दांत अलीकडे पुन्हां तपासले असतां, लहानपणीं त्यास डिस्टेंपर हा जीवघेणा रोग जडला होता, व कोणीतरी आठवडेच्या आठवडे शुश्रूषा केल्यावांचून तो जगता ना, असा निष्कर्ष २०१८ सालीं निघाला. शिकारीच्या कामीं न येणारें तें आजारी पिलूं त्या लोकांनीं सांभाळलें होतें.

येथें एक अप्रिय गोष्ट बोलून दाखविणें प्राप्त आहे. धनी मेला त्याच वेळीं त्याचें जनावरहि आपोआप मेलें, असें क्वचित् घडेल. वारंवार घडणार नाहीं. काश्मिरांत श्रीनगरजवळ बुर्झहोम येथें नवाश्मयुगांतील माणसांच्या कबरींत कुत्रे पुरलेले सांपडले आहेत. आपल्या विदर्भांत नागपुरानजीक माहुरझरी येथील लोहयुगीन शिळावर्तुळांचें उत्खनन शां. भा. देव यांनीं १९७० नंतर केलें, तेव्हां मृत मनुष्याबरोबर तांब्याच्या अलंकारांनीं सजविलेला घोडा निघाला, आणि घोड्याच्या हाडांवर शस्त्राचे घाव होते. घाव फार कांहीं सांगून जातात. धन्याचा प्राण गेला म्हणून सशक्त जनावराचाहि प्राण घ्यावयाचा, व दोघांस एकत्र पुरावयाचें, अशी ही प्रीति होती. तिला प्रीति म्हणावें कीं मालकी, हें वाचकांनींच ठरवावें.

ही चाल युरोपांत कशी मोडली, हें एका बापलेकांच्या कबरींवरून चांगलें दिसतें. फ्रँक लोकांचा राजा खिल्देरिक हा इ. स. ४८१ च्या सुमारास वारला. तो मूर्तिपूजक होता. हल्लीं बेल्जममध्यें असलेल्या तूर्ने गांवीं त्याची कबर आहे. तिच्या भोंवतालच्या खड्ड्यांत एकवीस घोडे पुरलेले १९८० नंतरच्या उत्खननांत आढळले. त्याचा पुत्र क्लोव्हिस यानें राईम्स येथें बिशप संत रेमी यांच्या हातून स्नानसंस्कार घेतला, व ५११ सालीं तो मरण पावला तेव्हां पॅरिस येथें त्यानेंच बांधविलेल्या प्रेषितांच्या चर्चमध्यें त्याचें दफन झालें. एका पिढींत एकवीस घोड्यांची जागा प्रार्थनेनें घेतली. परलोकीं स्वार होऊन जावयाचें नसतें, हें एकदां पटल्यावर घोडा मारण्याचें कारणच उरलें नाहीं. धर्मप्रसाराच्या इतिहासांत राजेलोकांच्या स्नानसंस्कारांचीं वर्णनें पुष्कळ येतात. तबेल्यांतील मुक्या प्राण्यांचा जीव त्यामुळें वांचला, याची नोंद आम्हांस कोठें दिसली नाहीं, ती येथें करून ठेवितों.

परंतु सोबत्याची आठवण अशी पुसली जात नाहीं. जनावर कबरेंतून बाहेर गेलें, तें दगडाचें रूप घेऊन कबरेवर आलें. मध्ययुगांतील सरदारांच्या व त्यांच्या स्त्रियांच्या थडग्यांवर निजलेल्या मूर्ति कोरीत, आणि त्यांच्या पायांशीं सिंह किंवा कुत्रा बसलेला दाखवीत. इटलींतील लुक्का शहराच्या कॅथीड्रलमध्यें इलारिया देल कार्रेतो या तरुण स्त्रीचें संगमरवरी स्मारक आहे. १४०५ सालीं बाळंतपणांत ती वारली, आणि पुढें लवकरच याकोपो देल्ला क्वेर्चा या शिल्पकारानें तिची मूर्ति घडविली. पायांशीं एक लहानसा कुत्रा मान वर करून तिच्या मुखाकडे पाहत आहे. पंडित म्हणतात कीं कुत्रा हें पातिव्रत्याचें चिन्ह होय. असेलहि. पण इंग्लंडांत डिअरहर्स्ट येथील चर्चमध्यें १४०० सालच्या एका पितळी पत्र्यावर ॲलिस कॅसी या बाईच्या पायांशीं जो कुत्रा कोरला आहे, त्याच्याजवळ ‘टेरी’ असें त्याचें नांवहि कोरलेलें आहे. चिन्हाला कोणी हांक मारण्याचें नांव देत नाहीं.

दगडाचा कुत्रा वेदीपासून दहा पावलांवर चालतो, तर हाडामांसाचा कुंपणाच्या आंत कां चालूं नये? याचें उत्तर तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांपेक्षां तेराव्या शतकांतील एका हकीकतींत अधिक चांगलें सांपडतें. एतियेन द बूर्बों नांवाचे दोमिनिकन संघाचे एक धर्मगुरु १२५० च्या सुमारास लियों शहराच्या उत्तरेकडील दोंब प्रांतांत उपदेश करीत व पापनिवेदनें ऐकत फिरत होते. कित्येक बायांनीं त्यांना सांगितलें कीं आम्हीं आपलीं लेंकरें संत गिनफोराकडे नेलीं होतीं. या नांवाचा हा कोण संत, म्हणून त्यांनीं चौकशी केली, तों तो एक शिकारी कुत्रा निघाला!

त्याची कथा अशी. एका गढींत सरदाराचें तान्हें मूल पाळण्यांत निजलें होतें. आईबाप व दाई बाहेर गेलीं असतां एक मोठा साप पाळण्याकडे आला. कुत्र्यानें त्याच्याशीं झुंज घेऊन त्यास ठार केलें; त्या धडपडींत पाळणा उलटला. दाई परत येऊन पाहते तों पाळणा पालथा व कुत्र्याचें तोंड रक्तानें माखलेलें. तिनें हंबरडा फोडला, आणि सरदारानें तरवार उपसून कुत्र्यास मारलें. मग मूल सुखरूप दिसलें, साप दिसला, आणि पश्चात्ताप झाला. त्यांनीं कुत्र्यास गढीच्या दारापुढील विहिरींत टाकून वर दगडांची रास रचली व आठवण म्हणून भोंवतालीं झाडें लाविलीं. वाचकांना ही कथा ओळखीची वाटली असेल, आणि तसें वाटणें बरोबरच आहे. पाण्याला गेलेली ब्राह्मणी, तान्ह्या बाळाची राखण करणारें मुंगूस, आणि त्याच्या डोक्यांत घातलेली घागर, ही पंचतंत्रांतील गोष्ट अरबी भाषांतरांच्या वाटेनें पश्चिमेकडे गेली, आणि वाटेंत कोठेंतरी मुंगसाचा कुत्रा झाला. वेल्समध्यें तर तिला एक कबरहि मिळाली. बेडगेलर्ट गांवीं ‘गेलर्ट’ नांवाच्या अशाच कुत्र्याची समाधि दाखवितात. ती अठराव्या शतकाच्या अखेरीस, खानावळीला गिऱ्हाईक यावें म्हणून, तेथील एका खानावळवाल्यानें उभारली असें सांगतात.

गिनफोराच्या त्या झाडींत काय चाले, हें मात्र गोष्टीइतकें गोड नव्हतें. पुढें गढी ओस पडली, आणि भोंवतालच्या कुणब्यांच्या बायका आपलीं किरकिरीं, खंगलेलीं मुलें तेथें नेऊं लागल्या. नागड्या मुलास दोन झाडांच्या खोडांमधून आरपार करीत, मेणबत्त्या पेटवून त्याला झाडाच्या बुंध्याशीं एकटें ठेवीत, आणि मेणबत्त्या विझेपर्यंत दूर जाऊन बसत. कांहीं मुलें त्या मेणबत्त्यांनीं भाजून मेलीं, असें एतियेन यांनीं लिहून ठेविलें आहे. त्यांनीं लोकांना जमवून उपदेश केला, कुत्र्याचीं हाडें उकरून काढविलीं, झाडें तोडविलीं, आणि सर्व एकत्र जाळून टाकलें. आजच्या वाचकास हें कठोर वाटेल. परंतु एतियेन यांचा रोष कुत्र्यावर नव्हता. कुत्र्याच्या शौर्याची व त्याच्या अन्यायाच्या मृत्यूची कथा त्यांनींच आदरानें लिहून ठेवली, म्हणून ती आपणांस ठाऊक आहे. ज्या भूमींत पुरलेल्या मनुष्यांसाठीं आपण विनंती करतों, व ज्यांपैकीं कोणी संत झाल्यास त्याची मध्यस्थी मागतों, त्या भूमीचा मान जनावराच्या कबरेस दिला म्हणजे काय होतें, हें त्यांनीं भाजलेल्या लेंकरांच्या रूपानें पाहिलें होतें. इतकें करूनहि तो नाद सुटला नाहीं. एकोणिसाव्या शतकांतहि त्या रानांत बाया मुलांना घेऊन जात असत.

आतां यापुढें या इतिहासाची दिशाच उलटते. आजवर जनावर धन्याच्या कबरेंत जात होतें. अठराव्या शतकापासून धनी जनावराच्या कबरेंत जाऊं म्हणूं लागला. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक, ज्यास इतिहास ‘थोर’ म्हणतो, त्यानें पोट्सडॅम येथें सांसूसी नांवाचा प्रासाद बांधला. प्रासादाच्या आधीं, १७४४ सालीं, त्यानें गच्चीवर आपलें थडगें तयार करविलें. त्याच्या शेजारीं त्याचे लाडके ग्रेहाऊंड जातीचे कुत्रे एकामागून एक पुरले गेले, व प्रत्येकावर शिळा बसविण्यांत आली. मृत्युपत्रांत त्यानें पुन्हां पुन्हां लिहून ठेविलें कीं मला कसलाहि थाटमाट न करितां, रात्रीं, कंदिलाच्या उजेडांत, येथेंच पुरावें. हा राजा धर्मश्रद्धेबद्दल प्रसिद्ध नव्हता. वोल्टेराचा तो स्नेही, आणि माणसांविषयीं त्याचें मत एकंदरींत कुत्र्यांहून हलकेंच होतें. त्याच्या इच्छेंत प्रीति किती आणि माणसांचा कंटाळा किती, हें सांगणें कठीण आहे.

१७८६ च्या ऑगस्टाच्या १७ व्या दिवशीं तो वारला. गादीवर आलेल्या पुतण्यास राजानें कुत्र्यांच्या रांगेंत निजावें हें बरें दिसेना. त्यानें चुलत्यास गॅरिसन चर्चमध्यें नेऊन त्याच्या बापाशेजारीं ठेविलें. या बापानें १७३० सालीं मुलाच्या जिवलग मित्राचा, काट्टेचा, शिरच्छेद करविला होता, व मुलास तो खिडकींतून पाहावयास लाविलें होतें. ज्याच्याशेजारीं निजावयाचें होतें ते कुत्रे गच्चीवर राहिले, आणि ज्याच्यापासून आयुष्यभर दूर पळाला तो बाप शेजारीं आला. दीडशें वर्षें दोघे तसेच होते. दुसऱ्या महायुद्धांत बाँबच्या भयानें दोन्ही शवपेटिका हलविल्या गेल्या. १९४५ सालीं त्या बेर्नटेरोडे येथील मिठाच्या खाणींत अमेरिकन सैनिकांच्या हातीं लागल्या. तेथून त्या मारबुर्ग येथील संत एलिझाबेथ यांच्या चर्चमध्यें गेल्या, व पुढें होहेनझोलर्न किल्ल्यांत. जर्मनीचे दोन तुकडे एक झाल्यावर, १९९१ च्या ऑगस्टच्या १७ तारखेस, म्हणजे मरणानंतर बरोबर दोनशें पांच वर्षांनीं, रात्रीं त्याला सांसूसीच्या गच्चीवर, कुत्र्यांच्या शेजारीं, पुरण्यांत आलें. वडिलांची पेटी जवळच्याच एका चर्चच्या समाधिमंदिरांत ठेविली. हल्लीं येणारे लोक राजाच्या साध्या शिळेवर बटाटे ठेवून जातात, कारण प्रशियांत बटाट्याची लागवड त्यानें वाढविली.

इंग्रज कवि लॉर्ड बायरन याच्या वांट्यास एवढेंहि आलें नाहीं. त्याचा बोट्स्वेन नांवाचा न्यूफाउंडलंड जातीचा कुत्रा १८०८ सालीं पिसाळून मेला. बायरनानें त्याच्यासाठीं न्यूस्टेड येथील आपल्या वाड्याच्या बागेंत मोठें स्मारक उभारलें, आणि १८११ च्या मृत्युपत्रांत आपणांसहि त्याच तळघरांत, कांहीं विधि न करितां, पुरावें असें लिहिलें. न्यूस्टेड हा पूर्वीं ऑगस्टिनियन संघाचा मठ. आठव्या हेन्रीनें मठ बुडविले तेव्हां तो बायरनाच्या पूर्वजांकडे गेला. पडक्या चर्चची मुख्य वेदी जेथें होती तेथेंच हें स्मारक बांधलें, असा बायरनाचा समज होता. ज्यांनीं त्या वेदीवर तीनशें वर्षांहून अधिक मिस्सा अर्पिला त्या मठवासीयांना काय वाटलें असतें, हें कवीच्या मनांत आलें नसावें. कीं आलें, म्हणूनच ती जागा निवडली? पुढें कर्जापायीं वाडा विकावा लागला. १८२४ सालीं कवि ग्रीस देशांत वारला, वेस्टमिन्स्टर ॲबीनें त्याला जागा नाकारली, व हकनॉल येथील चर्चमध्यें पूर्वजांशेजारीं त्याचें दफन झालें. कुत्रा न्यूस्टेडला एकटाच आहे.

फ्रेडरिकाच्याच काळीं आपल्या साताऱ्यासहि एका राजानें आपल्या कुत्र्याचा असाच सन्मान केला होता. छत्रपति थोरले शाहू महाराज यांचा खंड्या नांवाचा कुत्रा होता. शिकारींत त्यानें भुंकून वाघाची सूचना दिली व महाराजांचे प्राण वांचविले, अशी कथा आहे. कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर माहुली येथें, जेथें १७४९ सालीं वारलेल्या शाहू महाराजांची समाधि आहे, तेथेंच खंड्याचीहि समाधि दाखवितात. रायगडावरील वाघ्याच्या स्मारकाची गोष्ट वेगळी. त्याच्या कथेस समकालीन कागदांत आधार नाहीं, असें अनेक अभ्यासक म्हणतात, आणि त्यावरून वाद चालूं आहे. माहुलीस मात्र कोणाची हरकत ऐकिवांत नाहीं. हिंदूंच्या दहनविधींत देह उरत नाहीं. समाधि ही स्मृतीची खूण, आणि घाटावर कुंपण नसतें. आपल्याकडे प्रश्न येतो तो कुंपणामुळें.

आणि हें कुंपण केवळ कुत्र्यांसाठीं नव्हतें, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. १९१७ च्या धर्मनियमसंहितेप्रमाणें स्नानसंस्कार न झालेल्यांस ख्रिस्ती दफनविधि मिळत नसे, आणि त्यांत जन्मतांच दगावलेलीं अर्भकेंहि आलीं. आयर्लंडांत अशीं अर्भकें रात्रींच्या वेळीं बाप पेटींत घालून गांवाबाहेरच्या ओसाड जागीं पुरून येई. त्या जागांना तेथें किलीन म्हणतात, आणि त्या शेंकडोंनीं आहेत. जेथें आईच्या उदरांतून आलेल्या मुलास आंत जागा नव्हती, तेथें जनावराविषयीं कोणी तोंड उघडणें शक्य नव्हतें, आणि तें योग्यहि दिसलें नसतें. ही आठवण मनांत ठेविली म्हणजे जुने धर्मगुरु कुत्र्यामांजरांचें नांव काढतांच कां रागावत, तें उमगतें. त्यांना जनावरांचा द्वेष नव्हता. संत आंतोन मठाधिपति यांच्या सणास, १७ जानेवारीस, गुरेंढोरें चर्चच्या दारीं आणून त्यांना आशीर्वाद देण्याची चाल युरोपांत शतकानुशतकें चालत आली आहे. १९८३ च्या नव्या संहितेच्या ११८३ व्या कलमानें, ज्यांच्या आईबापांचा मुलास स्नानसंस्कार देण्याचा मानस होता अशा बालकांस ख्रिस्ती दफनविधि देण्याची परवानगी बिशपांना दिली. कुंपण तेथेंच राहिलें. त्याचें दार मात्र जेथें आधीं उघडावयास हवें होतें तेथें उघडलें.

जनावरांसाठीं निराळी भूमि राखण्याची तोड पॅरिसकरांनीं १८९९ सालीं काढली. तोंवर मेलेलीं कुत्रीं उकिरड्यावर अथवा सेन नदींत टाकीत. १८९८ च्या कायद्यानें त्यास आळा घातला, तेव्हां ज्योर्ज आर्मोआ व पत्रकार मार्गेरित द्युरां यांनीं आनियेर येथें नदीकांठीं कुत्र्यांची दफनभूमि उघडली. मनुष्याच्या दफनविधीची नक्कल होईल असा सोहळा व सजावट तेथें होऊं नये, असा नियम आरंभींच करण्यांत आला. श्रद्धावंतांच्या मनास धक्का बसूं नये हें पाहणारे लोक त्याहि काळीं होते. प्रवेशद्वारीं संत बर्नार्ड घाटांतील ऑगस्टिनियन धर्मगुरूंच्या धर्मशाळेंतल्या बॅरी कुत्र्याचें स्मारक आहे. चाळीस जणांना वांचवून एकेचाळिसाव्याच्या हातून तो मेला, असा लेख त्यावर आहे. तो खरा नव्हे. बॅरी म्हातारा होऊन १८१४ सालीं बर्न शहरीं मेला, आणि त्याचें पेंढा भरलेलें कातडें तेथील संग्रहालयांत आहे. निराळ्या भूमीची कल्पना मात्र पॅरिसची नव्हे. मिसर देशांत तांबड्या समुद्रावरील बेरेनीके बंदरीं, पहिल्या-दुसऱ्या शतकांतील पाळीव जनावरांची दफनभूमि अलीकडे उघडकीस आली. पांचशेंहून अधिक जनावरें, बहुतेक मांजरें, कांहींच्या गळ्यांत पट्टे. आणि त्यांच्यांत हिंदुस्थानांतून नेलेलीं माकडें! बेरेनीकेचीं गलबतें आपल्या सोपाऱ्याच्या व कल्याणच्या बाजूस येत, हें त्या काळच्या एका ग्रीक नाविकाच्या पुस्तकांत नमूद आहे.

निराळी भूमि झाली, तरी सोबतीची इच्छा राहिली. न्यूयॉर्कजवळ हार्ट्सडेल येथें १८९६ सालीं सुरू झालेल्या जनावरांच्या दफनभूमींत, आपली राख आपल्या कुत्र्याशेजारीं ठेवावी असें सांगून शेंकडों माणसें गेलीं आहेत. २०११ सालीं राज्यानें यास हरकत घेतली, व २०१४ सालीं नियम घालून ती मागें घेतली. २०१६ च्या कायद्यानें न्यूयॉर्क राज्यांत मनुष्यांच्या दफनभूमींत धन्याबरोबर त्याच्या जनावराची राख पुरण्यास मोकळीक मिळाली. धार्मिक संस्थांच्या दफनभूमि त्यांतून वगळल्या आहेत. मिलान ज्या प्रांतांत आहे त्या कॅथोलिक लोंबार्दीनें २०१९ सालीं तसाच कायदा केला. मृताची अथवा त्याच्या वारसांची इच्छा असल्यास जनावराची राख निराळ्या पेटींत घालून कुटुंबाच्या थडग्यांत ठेवितां येते. उलटपक्षीं फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानें १९६३ सालीं कुत्र्यास घराण्याच्या थडग्यांत पुरण्याची मनाई उचलून धरली होती.

ख्रिस्तसभेच्या संहितेंत याविषयीं काय आहे? दफनभूमीसंबंधीं १२४० ते १२४३ हीं चार कलमें आहेत. जनावराचें नांव त्यांत कोठेंहि नाहीं. दफनभूमींतील शिस्तीचे, विशेषतः तिचें पावित्र्य राखण्याचे, नियम त्या त्या ठिकाणच्या कायद्यानें ठरवावे, एवढेंच शेवटचें कलम सांगतें. म्हणजे निर्णय रोमला नव्हे, धर्मप्रांतांत व्हावयाचा. राखेविषयीं २०१६ सालीं रोमहून निघालेल्या सूचनेंत मृताची राख पवित्र स्थळीं ठेवावी, वाऱ्यावर किंवा पाण्यांत सोडूं नये, असें सांगितलें आहे.

आम्हांस वाटतें कीं आपल्याकडे हा प्रश्न आला तर तो श्रद्धेच्या आधीं जागेचा म्हणून येईल. मुंबईंत कित्येक दफनभूमींत कबर कांहीं वर्षांनीं उकरून दुसऱ्यास द्यावी लागते, आणि अस्थि भिंतींतल्या कोनाड्यांत जातात. जेथें माणसासहि कायमची जमीन मिळत नाहीं, तेथें जनावरासाठीं ती मागण्यास जीभ रेटणार नाहीं. ज्याच्या पदरीं वाडी आहे तो आपल्या कुत्र्यास विहिरीजवळच्या झाडाखालीं पुरतो, आणि तेथें नारळाची एखादी रोप लावतो. ज्याचें घर तिसऱ्या मजल्यावर आहे त्यास तीहि सोय नाहीं, व विचारीत येईल तो तोच. त्यास कुंपणाच्या आंत हाडें ठेवूं देणें न देणें बिशपांच्या हातीं आहे. स्मारकावर सोबत्याची मूर्ति कोरणें ही मात्र लुक्काची जुनीच वाट आहे. तेथें इलारियाच्या पायांशीं तो लहानसा कुत्रा सहा शतकें झालीं तरी मान वर करून बसला आहे.